पोळ्यापुरती उघडलेली वाट

आमच्या चौकातल्या दुभाजकाची फट कायम ठेवायचा हुकूम कुठल्याही कार्यालयातून आलेला नव्हता. तो हुकूम मी काढला. दुकानाच्या पायरीवर उभा राहून, हातात दोराचं भेंडोळं धरून, एका वाक्यात. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्याचं त्यापायी वाटोळं झालं त्याला तर नाहीच.

गावात मला कमी बोलणारा माणूस म्हणतात. वाटण्या करायच्या असल्या, भांडण मिटवायचं असलं की मला बोलावणं येतं. मी शेवटपर्यंत गप्प बसतो आणि मग जे काय बोलतो ते लोक मानतात. गप्प बसण्याचा असा लौकिक झाला की त्याच्या आड पुष्कळ काही झाकून ठेवता येतं. मी ठेवलं. आता लिहून काढतोय, कारण तोंडी सांगायला बसलो तर अर्ध्यात चहा मागवीन आणि विषय सोयाबीनवर नेईन. मी स्वतःला चांगला ओळखतो.

माझं दुकान दोर आणि ताडपत्र्यांचं. बैलाच्या वेसणीपासून विहिरीवरच्या सोलापर्यंत, म्हणजे जाड दोरखंडापर्यंत, काय पाहिजे ते मिळतं. वडिलांच्या वेळेपासून ते चौकाच्या कोपऱ्यावर आहे, त्यामुळं या चौकाबद्दल बोलायचा अधिकार माझ्याइतका दुसऱ्या कोणाला नाही, हे मी कोणाच्याही तोंडावर सांगीन. त्याला आम्ही चौक म्हणतो एवढंच. खरं तर ते चार रस्त्यांचं भांडण आहे. नांदेडहून लातूरला जाणारा मोठा रस्ता मधून सरळ. पलीकडून पेठेची गल्ली येते आणि तिच्या तोंडातच बसस्थानकाचं फाटक उघडतं. अलीकडून, माझ्या दुकानाला लागून, मारुतीच्या देवळाची गल्ली. आणि कंधारचा रस्ता वरून उतारानं येतो तो तिरकाच, दुकानाच्या दुसऱ्या अंगाला. उतारावरून येणाऱ्याला समोरचं काही दिसत नाही आणि समोरच्याला उतारावरचा माणूस दिसतो तो एकदम पुढ्यातच.

सिग्नल बसवला होता. थोडे दिवस लाल-हिरवा झाला, मग नुसता पिवळा मिचमिच करायला लागला, आणि मग तेही थांबलं. वरच्या दिव्यात चिमण्यांनी घर केलं. दिशा दाखवणाऱ्या पाटीच्या खांबाला एका ट्रकनं धडक दिली आणि खांब जागच्या जागी फिरला. तेव्हापासून 'लातूर' लिहिलेला बाण बसस्थानकाच्या मुतारीकडं दाखवतो. परगावच्या गाड्या माझ्या दुकानापुढं थांबतात. "मामा, लातूर कोणीकडं?" मी म्हणतो, "पाटी बघू नका, माझ्या हाताकडं बघा."

आणि गाडी चालवायची आमच्याकडची एक रीत आहे, ती बाहेरच्याला कळत नाही. आमच्या चौकात नजर द्यायची नसते. ज्यानं दुसऱ्याला पाहिलं, त्यानं थांबायचं. म्हणून कोणी पाहतच नाही. माना ताठ, नजर समोर, आणि सगळे एकदम घुसतात. एवढ्या वर्षांत मी बघत आलोय, चौकात जितकी भांडणं झाली त्यातली बहुतेक "मी तुला बघितलंच नव्हतं" या वाक्यानं सुरू झाली. हे तिथं निमित्त म्हणून सांगत नाहीत. ऐटीत सांगतात.

मग दुभाजक आला. काळ्या-पिवळ्या रंगाचे सिमेंटचे ठोकळे, एकाला एक लावून, नांदेडच्या अंगापासून लातूरच्या अंगापर्यंत सलग. पेठेतून माझ्याकडं यायचं तर आता लातूरच्या बाजूनं मसणवट्याच्या पुढं पेट्रोल पंपापर्यंत जायचं आणि तिथून वळून परत यायचं. चौक शांत झाला, हे खरं सांगितलं पाहिजे. माझं दुकानही शांत झालं. पेठेतला माणूस दोराच्या एका गुंडीसाठी पंपावरून वळसा घालीत नाही. तो पेठेतच महाग घेतो आणि मला रस्त्यापलीकडून हात करतो.

असा तो पोळ्याचा महिना उजाडला.

आमच्या गावात पोळ्याला सगळे बैल पलीकडच्या बाजाराच्या मैदानात जमतात आणि तिथून मारुतीला येतात. मध्ये आता दुभाजक. पोळ्याच्या आदल्या दिवशी माझ्या दुकानापुढं माणसं जमली. मानाची जोडी ज्यांची, ते तात्या, पांढरंफेक धोतर नेसून, सगळ्यांत पुढं. जोडी देवणी जातीची, दृष्ट लागावी अशी. शेतीचं काम मात्र तात्यांचा ट्रॅक्टर करतो, बैल सणापुरते राहिलेत, आणि हे बोलून दाखवलेलं तात्यांना चालत नाही.

एक जण म्हणाला, "तात्या, पंपावरून वळवून आणा की बैलं. गाड्या नाहीत का येत?"

तात्या म्हणाले, "नटवलेला बैल सणाच्या दिवशी मसणवट्यावरून न्यायचा? तुझ्या बापानं नेला होता का?"

"मग यंदा पेठेतच फिरवा."

"मारुती पेठेत येऊन बसलाय व्हय?"

"तसं न्हाई तात्या, बैलाला यू टर्न शिकवायचा."

"तुला शिकवून मास्तर थकले, बैलाला कोण शिकवणार?"

हशा पिकला. पण वाट निघेना. चौकात उभे असलेले पोलीस जमादार हे सगळं ऐकत होते. ते भले माणूस. म्हणाले, "दोन ठोकळे सरकवा. मी पाठ करून उभा राहतो. पण सण झाला की जागच्या जागी दिसले पाहिजेत. जबाबदारी कोण घेतो?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "माझी."

दुसऱ्या दिवशी तात्यांच्या ट्रॅक्टरला माझ्याच दुकानातला दोर बांधून आम्ही ठोकळे ओढले आणि माझ्या पायरीच्या कडेला आणून ठेवले. मग बैल आले. शिंगांना बेगड, अंगावर झुली, कपाळावर गोंडे, आणि निम्म्या बैलांच्या तोंडाला माझ्या दुकानातल्या नव्या, दोरीच्या म्होरक्या. त्या फटीतून ते रांगेनं अलीकडं आले तेव्हा लातूरची एसटीसुद्धा इंजिन बंद करून उभी राहिली. ड्रायव्हर खाली उतरून पाया पडला. तो देखावा मी विसरणार नाही आणि ती फट उघडल्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. फट उघडणं ही चूक नव्हती.

सणाच्या दुसऱ्या दिवशी तात्या थकलेले, मीही थकलेलो. ठोकळे राहिले. पण लोक थकलेले नव्हते. सकाळपासूनच पेठेतल्या मोटारसायकली त्या फटीतून सरळ माझ्या दारात यायला लागल्या. एरवी पोळा झाला की आमचा धंदा बसतो, पुढं सुगीपर्यंत माशा मारायच्या. त्या दिवशी मला दुपारचं जेवायला वेळ मिळाला नाही. बायको डबा घेऊन आली आणि गिऱ्हाईक बघून म्हणाली, "आज काय फुकट वाटून राहिलात का?"

त्याच्या पुढच्या दिवशी तात्या ट्रॅक्टर घेऊन आले. खाली न उतरताच म्हणाले, "चला शेठ, दगड लावून टाकू."

मी पायरीवर उभा होतो. काय बोलायचं ते मी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून आलं ते असं आलं, जणू कोणी खरंच मला सांगून गेलं होतं. "राहू द्या तात्या. वरून निरोप आलाय. लोकांच्या सोयीसाठी वाट ठेवायची म्हणे."

"हपिसातून?"

"हपिसातून."

"बरं झालं. पुढल्या पोळ्याचा ताप गेला." असं म्हणून त्यांनी ट्रॅक्टर वळवला.

संध्याकाळपर्यंत सगळ्या चौकाला माहीत झालं की वाट आता सरकारी आहे. जमादारांनी विचारलं, "आमच्याकडं तर काही आलं नाही." मग स्वतःच म्हणाले, "पण तुम्ही म्हणताय म्हणजे असेल." कमी बोलणाऱ्याचा शब्द असा चालतो. जास्त बोलणारा असतो तर कोणीतरी फोन लावून खात्री केली असती.

ठोकळे माझ्या पायरीशीच राहिले. लोक त्यांच्यावर बसून चहा प्यायचे, मोबाईल बघायचे. मी त्यावर पोतं टाकलं होतं, उन्हात तापू नये म्हणून.

आता भाईंबद्दल. भाई रिक्षा चालवायचे. त्यांचे वडील याच चौकात टांगा चालवायचे आणि घोड्याचा लगाम माझ्या वडिलांकडून घ्यायचे. आमची मैत्री म्हणजे एकमेकांच्या घरच्या ईद-दिवाळीची आणि रोजच्या एका चहाची. भाई हा आमच्या चौकातला एकच माणूस असा, जो नजर द्यायचा. पाहायचा, थांबायचा, दुसऱ्याला जाऊ द्यायचा. फट झाली तरी भाई पंपावरूनच वळून यायचे. स्टँडवरचे बाकीचे रिक्षावाले त्यांची टर उडवायचे.

"भाई, पंपावर चहा बी मिळतो काय?"

भाई म्हणायचे, "उशीर झाला तर बायको दारात उभी ऱ्हाते. जल्दी केली तर फोटोला हार घालून उभी ऱ्हाईल. उशीर परवडतो."

मी एकदा त्यांना म्हटलं होतं, वाट सरकारी आहे, वापरा की. ते म्हणाले, "सरकारनं दिली ते ठीक हाय सेठ. पण उतारावरच्याला सरकारनं सांगितलंय का, की हितून रिक्षा येणार?"

मी चहा मागवला.

ते झालं सोयाबीनच्या काढणीत. दुपारची वेळ. एकदम आभाळ भरून आलं आणि माझ्या पायरीवर माणसांची झुंबड उडाली. सगळ्यांचं सोयाबीन कापून उघड्यावर पडलेलं, सगळ्यांना ताडपत्री पाहिजे, आत्ता पाहिजे. माझा माल ट्रान्सपोर्टवाल्याकडं पेठेत येऊन पडला होता आणि तो आणायला मी भाईंना पाठवलं होतं. एक म्हातारा हात जोडून म्हणत होता, "शेठ, लवकर करा, माझं आख्खं रान उघडं हाय." तेवढ्यात पलीकडं पेठेच्या तोंडाशी भाईंची रिक्षा दिसली, मागं ताडपत्र्यांचे गठ्ठे. भाई नेहमीसारखे पंपाकडं वळायला लागले.

मी पायरीवरून हात केला. मोठ्यानं ओरडलो, "भाई! हितूनच काढा! आडवी घाला!"

भाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं म्हणूनच त्यांना उताराकडं बघायला उशीर झाला. रिक्षा फटीतून निम्मी बाहेर आली आणि उतारावरून सिस्टर आली, सरकारी दवाखान्यातली नर्स, स्कूटीवर, ड्यूटीला निघालेली. तिला समोर सलग दुभाजक दिसत असणार आणि त्यातून अचानक रिक्षाचं तोंड. तिनं ब्रेक दाबला, स्कूटी आडवी झाली आणि ती रिक्षाच्या चाकापाशी येऊन पडली. पाय स्कूटीच्या खाली.

आवाज फार मोठा झाला नाही. त्याचंच मला आजही नवल वाटतं.

भाई उडी मारून उतरले. त्यांनीच स्कूटी उचलली, गठ्ठे रस्त्यावर फेकून दिले, दोन माणसांच्या मदतीनं तिला रिक्षात घातलं आणि तिच्याच दवाखान्यात नेलं. मी पायरीवरून उतरलो नाही. ज्या म्हाताऱ्याला घाई होती त्यानंच रस्त्यावरची एक ताडपत्री उचलली आणि मला म्हणाला, "ही घेऊन जातो शेठ, नंतर बघू." मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी पंचनामा. पंच म्हणून गावातला प्रतिष्ठित माणूस लागतो, तो मी. जमादारांनी फट मोजली, रस्ता मोजला. मग मला विचारलं, "ही वाट अधिकृतच ना शेठ?"

हीच वेळ होती. गर्दी होती, जमादार होते, तात्याही होते. मी म्हणालो, "हो."

"मग झालं. वाट बरोबर, म्हणजे रिक्षावाला चुकला. बघून काढायला पाहिजे होती."

माझ्या एका शब्दानं दोष फटीवरून उचलला आणि भाईंच्या अंगावर ठेवला. जमादारांनी तो ठेवला नाही, मी ठेवला. वाट चोरटी आहे असं त्या वेळी कळलं असतं तर पहिला प्रश्न वेगळा झाला असता. वाट कोणी ठेवली, आणि रिक्षावाल्याला तिथून यायला कोणी सांगितलं? दोन्हीचं उत्तर पंच म्हणून तिथंच उभं होतं. पायरीवरच्या झुंबडीतल्या कोणीही माझं ओरडणं काढलं नाही, शेठचं नाव कोण घेणार?

भाईंवर निष्काळजीपणे गाडी चालवून गंभीर दुखापत केल्याचा गुन्हा दाखल झाला. संध्याकाळी मी दवाखान्यात गेलो. सिस्टरच्या पायाची हाडं मोडली होती, तिला लातूरला न्यायची तयारी चालली होती. भाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसले होते. मी शेजारी बसलो आणि म्हणालो, "भाई, मी हात केला हे तुम्ही बोलला नाहीत."

ते म्हणाले, "तुमचं नाव कशाला घेऊ सेठ? हात तुम्ही केला, हँडल तर माझ्याच हातात होतं."

एवढं मोठं मन माझ्यापुढं उघडलं गेलं होतं, आणि मी त्यात निरोपाची गोष्ट टाकू शकलो असतो. टाकली नाही. उलट त्यांनीच मला चहा पाजला.

पुढं भाईंनी रिक्षा सोडली. कोणी सोडायला लावली नाही. पण स्टँडवर टर उडवणारे काय बोलायचे ते मी पायरीवरून ऐकायचो. "पंपावरून वळणारे भाई! अहो, आम्ही रोज घुसतो, आम्हाला काय झालं न्हाई. तुम्ही एकदा घुसलात आन् बाईचा पाय घेतलात!" भाई हसायचे. मग एक दिवस आलेच नाहीत. नांदेडला मेव्हण्याच्या बेकरीत बसायला लागले. कोर्टाच्या तारखेला तेवढे यायचे, माझ्याकडं चहा घ्यायचे आणि परत जायचे.

सिस्टर बरी झाली, पण पाय थोडा ओढून चालते. एकदा ती कपडे वाळत घालायचा दोर घ्यायला आली. पाय दुखत होता म्हणून पोतं टाकलेल्या त्या ठोकळ्यावर टेकली. मी दोर मोजत होतो. ती म्हणाली, "काका, मला त्या रिक्षावाल्या चाचांचा राग येत नाही. ज्यांनी ऑफिसात बसून ही वाट ठेवा म्हणून सांगितलं, त्यांना एकदा इथं आणून उभं करावंसं वाटतं."

मी म्हणालो, "हो." दोर मी पुन्हा पहिल्यापासून मोजला.

फटीत पुढंही लहानसहान अपघात होत राहिले. कोणाचा हात, कोणाचा आरसा, कोणाची दुधाची किटली. दर वेळी लोक सरकारला शिव्या घालायचे. बायको एकदा जेवताना म्हणाली, "तुम्हाला हपिसातून निरोप येतो. मग तुमचा निरोप हपिसात जात न्हाई का? सांगा की त्यांना, बंद करा म्हणून. निरोप काय एकाच बाजूनं चालतो?"

मी घास गिळला आणि पाणी प्यालो. ती माझ्याकडं बघत राहिली. तिला काही ठाऊक होतं असं नाही. पण संसार केलेली बाई नवऱ्याच्या गप्प बसण्यातला फरक ओळखते.

यंदाच्या पोळ्याला मी सकाळीच तात्यांना सांगून ठेवलं, "बैल गेले की ट्रॅक्टर घेऊन या." शेवटची जोडी मारुतीच्या गल्लीत शिरली तसा मी रस्त्यात उतरलो. ठोकळ्यांवरचं पोतं काढलं, दोर बांधला, आणि दिवसाउजेडी, भर गर्दीत, ते परत जागेवर बसवले. मोटारसायकलवाले थांबून भांडायला लागले. "शेठ, वाट सरकारी हाय! तुम्ही कोण बंद करणार?"

मी म्हणालो, "मीच. जा, कुठं सांगायचं तिथं सांगा."

तात्या म्हणाले, "निरोप आला काय?"

"निरोप नाही. मी बंद करतोय."

कोणी कुठं सांगितलं नाही. सांगायला कोणाकडं कागद नव्हता, तो असणारच कसा? चार दिवस लोकांनी मला शिव्या दिल्या. पेठेतलं गिऱ्हाईक परत पेठेत गेलं. मला त्याचं काही वाटलं नाही. मनावरचं ओझं उतरलं असं मात्र समजू नये. दगड जागेवर बसवले की झालं, असं मी स्वतःला सांगून बघितलं होतं. झालं नाही.

आणि मग जे झालं त्यानं मला हे लिहायला बसवलं. चौकात अपघात थांबले, तसे शिव्या देणारेच कौतुक करायला लागले. व्यापाऱ्यांनी ठरवलं की शेठचा सत्कार करायचा. मी नको म्हणालो, तर तो माझा विनय ठरला. चौकातच मांडव टाकला. भाषणं झाली. एका वक्त्यानं सांगितलं की प्रशासन झोपलं असताना एका साध्या दुकानदारानं चौकाचा जीव वाचवला. सिस्टरच्या हस्ते मला शाल आणि नारळ दिला. ती पाय ओढत स्टेजवर चढली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी शाल पांघरून खाली उतरलो तर समोर भाई. तारखेसाठी आले होते, कार्यक्रम बघून थांबले. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "सेठ, लई चांगलं काम केलं. हेच जरा आधी झालं असतं तर..." आणि तिथंच थांबले, मला वाईट वाटू नये म्हणून.

आम्ही दुकानात येऊन बसलो. चहा आला. भाई म्हणाले, "वकील म्हणतो, किती तारखा करणार. पुढच्या तारखेला गुन्हा कबूल करून टाका, थोडक्यात सुटाल. मी बी थकलो सेठ. करून टाकतो कबूल."

"आणि मग?"

"मग काय? कागदावर लिव्हलं जाईल, की हो, याची चूक. लेकीच्या सासरी विचारतील, सांगीन. खरं तर मला बी आता तेच वाटतं. माझीच चूक. सरकारनं वाट दिली, म्हणून डोळे मिटून कशाला घालायची?"

माझ्या खांद्यावर शाल होती आणि हा माणूस माझ्यापुढं बसून माझा खोटेपणा स्वतःची चूक म्हणून मान्य करत होता. मी काय केलं? मी त्यांना बसपर्यंत सोडायला गेलो. बस निघाली आणि मी हात केला. तोच हात.

रात्री नीट झोप लागली नाही, हे सांगण्यात काही मोठेपणा नाही. सकाळी दुकान उघडायच्या आधी फोन लावला.

"भाई, तारखेला कबूल करू नका."

"का हो?"

"मी येतोय कोर्टात. साक्ष द्यायला."

"तुम्ही कशाला सेठ? हात केला होता म्हणून? त्यात तुमचं नाव कशाला..."

"हाताचं आहेच. पण त्याच्या आधीचं आहे. माझं नाव घ्यायची वेळ आलीय. समोर बसून सांगतो, तुमच्या वकिलासमोर. फोनवर नको."

तिकडं बेकरीतल्या भट्टीचा, ट्रे आपटल्याचा आवाज येत होता. भाई म्हणाले, "बरं. या. कबूल करत न्हाई तोवर." आणि वर, "काय असंल ते असंल सेठ, पण येताना जेवून येऊ नका. घरीच खायचंय."

मी हो म्हणालो. सगळं ऐकल्यावर ते ताट माझ्यापुढं येईल की नाही हे मला माहीत नाही, आणि आलं पाहिजे असंही मी म्हणणार नाही.

काय होईल याचा मी हिशोब मांडून ठेवलाय. जमादार आता बदलून गेलेत, पण त्यांना कळवावं लागेल की पंचानं त्यांना खोटं सांगितलं होतं. त्याबद्दल माझ्यावर काही कारवाई झाली तर होऊ दे. शाल देणारे व्यापारी तोंड फिरवतील, स्टँडवरच्यांना नवा विषय मिळेल. वाटण्या करायला मला पुन्हा कोणी बोलावणार नाही. या सगळ्याला मी तयार आहे, आणि हे धीर आणून लिहितोय असंही नाही. इतकी वर्षं मला कशाची भीती वाटत होती तेच आता नीट आठवत नाही. एक वाक्य खोटं बोललो होतो, एक वाक्य खरं बोलायचं आहे.

एवढंच नमूद करून ठेवतो. भाईंना मी अजून खरं सांगितलेलं नाही. सिस्टरला नाही, तात्यांनाही नाही. निरोप कोणी पाठवला नव्हता, तो मी रचला, आणि भाईंना त्या वाटेनं मीच बोलावलं, हे कोर्टात उभं राहून सगळ्यांच्या देखत सांगायचं माझ्याकडं बाकी आहे.